'बिगारी' हा शब्द अजून गेलेला नाही : बांधकाम कामगाराची सुरक्षा, बाबासाहेब आणि आपण

कुठल्याही मोठ्या बांधकामावर सकाळी हजेरीच्या वेळी जाऊन उभे राहा. मुकादमाच्या वहीत दोन रकाने असतात. एक मिस्त्रीचा, दुसरा बिगारीचा. ज्याच्या हातात थापी, ओळंबा किंवा करवत आहे तो मिस्त्री. घमेले उचलणारा, वाळू चाळणारा, विटा चढवणारा, पाणी मारणारा तो बिगारी. स्त्री असेल तर ती बहुधा बिगारीच. वीस वर्षे काम केले तरी बिगारीच.

हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो कुठून आला हे विसरून गेलो आहोत. बिगार म्हणजे फुकट किंवा जबरदस्तीने करून घेतलेले काम. महार वतनाच्या नावाखाली आपल्या आज्या-पणज्यांकडून जे करून घेतले गेले ते हेच. सरकारी टपाल पोचवा, साहेबाचे सामान वाहा, गावाची राखण करा, मेलेले ढोर ओढा, आणि त्याबदली बलुते मागायला दारोदार फिरा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते या बिगारीतून माणूस सोडवण्यासाठी. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ मध्ये वेठबिगारीला मनाई झाली. त्या अनुच्छेदाच्या मूळ इंग्रजी मजकुरातसुद्धा 'बेगार' हा आपलाच शब्द जसाच्या तसा घातलेला आहे, कारण इंग्रजीत त्याला जोड नव्हती.

मग संविधानाने बंद केलेल्या गोष्टीच्या नावाने आजही कामगाराची हजेरी का लागते? कोणी म्हणेल, शब्दाचे काय एवढे, अर्थ बदलतात. बदलतात, मान्य. पण इथे अर्थ कितपत बदलला आहे, हेच या लेखात आम्हाला तपासायचे आहे.

निमित्त सुरक्षा कार्यक्रमांचे आहे. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या आठवड्यात बांधकामांवर बॅनर लागतात, कामगारांना रांगेत उभे करून शपथ दिली जाते, पिवळी हेल्मेट वाटली जातात, फोटो निघतात. आमचा आक्षेप हेल्मेटला नाही. हेल्मेट, पट्टा, जाळी हे पाहिजेच, आणि त्यासाठी भांडलेच पाहिजे. आक्षेप आहे तो देण्याच्या पद्धतीला. सुरक्षा ही मालकाने खूश होऊन वाटायची वस्तू आहे, की इमारतीच्या किमतीतच कामगाराचा जो वाटा आहे त्यातून वसूल करायचे देणे आहे? हा वाद आजचा नाही. तो या देशात दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्याच्या घाटातले बोगदे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. बोरघाटातला हा रेल्वेमार्ग १८५६ च्या सुमारास सुरू झाला आणि १८६३ साली पुरा झाला. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. १८६१ मध्ये या एका घाटावर ४२ हजारांहून अधिक माणसे राबत होती. सुरुंग, दरड, कडा आणि या सगळ्यांपेक्षा भयंकर म्हणजे पटकी. डोंगरावरच्या झोपड्यांत माणसे पटकीने आणि तापाने हजारोंनी मेली. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत आजाराने वारला, मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे नेले. ही गोष्ट रेल्वेच्या इतिहासात मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. त्या बाईच्या धाडसाबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. पण एका कंत्राटदाराचा मृत्यू नावानिशी नोंदला गेला आणि ज्यांनी कातळ फोडला त्यांची नावे सोडा, धड आकडाही लिहून ठेवावा असे कोणाला वाटले नाही. त्याच १८५९ साली मजुरी थकली म्हणून या घाटात कामगारांनी दंगा केला होता. कंपनीने कंत्राटदाराला पैसे दिले, कंत्राटदाराने पोटकंत्राटदाराला, आणि तिथून खाली येईपर्यंत ते आटले. आजच्या कोणत्याही टॉवरवर ही साखळी तशीच सापडेल. फक्त 'लेबर कॉन्ट्रॅक्टर' असे नवे नाव मिळाले आहे.

दगड फोडायला वडार, माती उपसायला बेलदार, ओझे वाहायला महार-मांग आणि लमाण, ही वाटणी कंत्राटदाराने शोधलेली नव्हती. ती त्याला तयार मिळाली. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले ते याच अर्थाने. गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला शिरकाव नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घालावा लागे आणि त्याने सवर्ण कामगार बाटत होता! चांगल्या पगाराचे खाते एकाला आणि धुळीचे, कमी पगाराचे खाते दुसऱ्याला. म्हणूनच फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. एक नव्हे, दोन. आमचे काही डावे मित्र पहिला विसरतात आणि आमच्यातलेच काही भाऊ दुसरा विसरतात. बांधकामावर दोन्ही एकाच मुकादमाच्या रूपात भेटतात.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. जुलै १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. समाजमाध्यमांवर या काळाबद्दल पुष्कळ फॉरवर्ड फिरतात, त्यांत बरोबर-चूक सगळे मिसळलेले असते. उदाहरणार्थ, 'बाबासाहेबांनी १९४२ मध्ये एका सहीने आठ तासांचा दिवस आणला' असे लिहिले जाते. तसे झालेले नाही. कारखाने कायद्यातली दुरुस्ती १९४६ ची आहे, तिने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणले, आणि ते विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात बाबासाहेबांनी मांडले होते. खरे आहे तेवढेच पुरेसे मोठे आहे, वाढवून सांगायची गरज नाही.

पण आमच्या मते बांधकाम कामगाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे आणि तिची चर्चा जवळजवळ होतच नाही. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या बाजूच्या कोळसा खाणी पाहायला गेले. स्वतः खाणीत उतरले, कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्यातली युक्ती साधी होती. खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावरच उपकर बसवायचा, तो वेगळ्या निधीत जमा करायचा आणि त्यातून कामगारांसाठी घरे, पाणी, दवाखाने, शिक्षण यांवर खर्च करायचा. १९४६ मध्ये अभ्रकाच्या खाणींसाठीही असाच निधी झाला. यात विचार काय होता ते नीट पाहा. मालक दयाळू आहे की कंजूष, हा प्रश्नच उरत नाही. वस्तू तयार झाली की त्या वस्तूच्या किमतीतून कामगाराचा वाटा आपोआप बाजूला पडतो. दान आणि हक्क यांत जो फरक आहे, तो इथे कायद्याच्या भाषेत उतरला.

या काळावर टीकाही आहे, ती लपवायचे कारण नाही. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी उठवली गेली. कायदेमंडळात त्यावर टीका झाली आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये खात्याचे मंत्री म्हणून बाबासाहेबांना त्या निर्णयाचे समर्थन करावे लागले. तरी त्याच वेळी त्यांनी स्त्री-पुरुषांना एका कामाचा एकच दाम हे तत्त्व त्या खाणींत लागू केल्याचे सभागृहाला ठणकावून सांगितले. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. आज आमच्या नाक्यावर बाई बिगारी आणि पुरुष बिगारी एकाच भावात जात नाहीत, तेव्हा हा संदर्भ हाताशी असलेला बरा.

मग बांधकाम कामगाराला काय मिळाले? पुष्कळ काळ, जवळजवळ काही नाही. कारखान्याचा कायदा कारखान्याला, खाणीचा कायदा खाणीला. इमारत बांधून झाली की कामाची जागाच नाहीशी होते आणि कामगार पुढच्या जागी जातो. त्याचा एक मालक नाही, एक पत्ता नाही. धरणे, कॉलन्या, विद्यापीठे, मंत्रालये उभी राहिली आणि ती उभी करणारा माणूस कायद्याच्या मधल्या फटीत राहिला. ती फट बुजवण्याचा पहिला धडा महाराष्ट्रानेच दिला. १९६९ चा माथाडी कायदा. मालक अनेक असले तरी मंडळ एक, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात जमा. तामिळनाडूने १९८२ मध्ये अंगमेहनतीच्या कामगारांचा कायदा याच धर्तीवर केला आणि पुढे त्याखाली बांधकाम कामगारांचे मंडळ उभारले.

त्याच १९८२ साली दिल्लीत एशियाड भरणार होते. उड्डाणपूल, स्टेडियम, खेळाडूंची वसाहत, सगळे घाईत. हजारो मजूर राजस्थान, उत्तर प्रदेश, ओडिशातून जमादारांनी आणलेले. तेव्हा किमान वेतन होते दिवसाला ९ रुपये २५ पैसे. त्यातला एक रुपया जमादार कापून घेई आणि मजुराच्या हातात ८ रुपये २५ पैसे पडत. स्त्रियांना ७ रुपयेच मिळतात, असाही आरोप होता. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर १९८२ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने निकाल दिला. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत कोणी राबत असेल तर तो राजीखुशीने राबतो आहे असे मानता येणार नाही. भूकही जबरदस्तीच आहे. म्हणून ते अनुच्छेद २३ खालचे सक्तीचे श्रम ठरतात आणि हा हक्क खासगी कंत्राटदाराविरुद्धही चालतो. बांधकाम हे धोक्याचे काम आहे, म्हणून १४ वर्षांखालील मुलाला तिथे ठेवता येणार नाही, असेही न्यायालयाने अनुच्छेद २४ च्या आधारे सांगितले, कारण बालकामगारांच्या तेव्हाच्या कायद्याच्या यादीत बांधकामाचे नावच नव्हते!

आमच्या तरुण मित्रांनी हा निकाल वाचला पाहिजे. त्यात एक रुपयाचा हिशेब आहे. बलुत्याच्या भाकरीवर करवून घेतलेल्या वेठीविरुद्ध जो अनुच्छेद लिहिला गेला, तोच अनुच्छेद बत्तीस वर्षांनी दिल्लीच्या उड्डाणपुलाखालच्या बिगाऱ्याच्या कामी आला. वतनापासून एशियाडपर्यंतचा धागा आम्ही ओढूनताणून जोडलेला नाही. तो संविधानातच विणलेला आहे.

देशभरच्या संघटनांनी ऐंशीच्या दशकापासून मध्यवर्ती कायद्याची मागणी लावून धरली होती. शेवटी १९९६ मध्ये दोन कायदे झाले. एक इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या नोकरीच्या व सुरक्षेच्या अटींचा, दुसरा उपकराचा. बांधकामाच्या खर्चावर १ ते २ टक्के उपकर. प्रत्यक्षात ठरला १ टक्काच. १८ ते ६० वयाच्या, वर्षभरात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची नोंदणी आणि त्या पैशातून त्याचे कल्याण. कोळशाच्या जागी इमारत आली, तत्त्व १९४४ चेच. कायद्यातली सुरक्षेची कलमे वाचली तर डोळे उघडतात. पिण्याचे पाणी, शौचालय, राहायला तात्पुरती जागा, पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया असतील तर पाळणाघर, पाचशे कामगार असतील तर सुरक्षा समिती आणि तिच्यावर कामगारांचे प्रतिनिधी. म्हणजे सुरक्षा हेल्मेटपाशी सुरू होऊन हेल्मेटपाशी संपत नाही.

हे का महत्त्वाचे, ते पुण्याच्या कोंढव्याने दाखवले. २९ जून २०१९ च्या पहाटे पावसात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली. पंधरा माणसे गेली, त्यांत लेकरेही होती. बहुतेक बिहारच्या कटिहारकडची. ती परांचीवरून पडलेली नव्हती. ती झोपेत होती. त्यांच्या उशाशी शंभर हेल्मेट ठेवली असती तरी काय उपयोग होता? ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळची बेकायदा इमारत पडली आणि ७४ जीव गेले, तिथेही अपुऱ्या इमारतीतच मजुरांची कुटुंबे राहत होती. ३१ जुलै-१ ऑगस्ट २०२३ च्या रात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर कोसळून २० कामगार मेले. प्रत्येक वेळी चौकशी, प्रत्येक वेळी लाखांत मदत. मेल्यावर येणारी मदत बातमीत ठळक छापून येते. जिवंतपणी राहायला धड जागा दिली होती का, हा प्रश्न आतल्या पानावरही नसतो.

आणि पैसे नव्हते असेही नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून जे आकडे समोर आले ते असे : देशभरात उपकरातून ३७,४०० कोटींहून अधिक जमा, कामगारांवर खर्च सुमारे ९,५०० कोटी. बाकीचे पडून किंवा भलतीकडे. काही ठिकाणी त्या पैशातून लॅपटॉप आणि धुलाई यंत्रे घेतल्याचे महालेखापरीक्षकांच्या हवाल्याने न्यायालयात आले होते. महाराष्ट्रात तर नियम यायला २००७ उजाडले आणि मंडळ २०११ मध्ये झाले. कायदा १९९६ चा! मधल्या पंधरा वर्षांत मुंबईत किती टॉवर चढले याचा ज्याने त्याने हिशेब करावा.

आता चार श्रमसंहितांनी हे दोन्ही कायदे पोटात घेतले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या आहेत. सुरक्षा अधिकारी नेमायची अट २५० कामगारांवर आली आहे, हे चांगलेच आहे. पण स्वतःच्या राहत्या घराच्या बांधकामाला सूट पूर्वी १० लाख खर्चापर्यंत होती, ती ५० लाखांपर्यंत नेली. तालुक्याच्या गावातले बहुतेक बांधकाम तेवढ्याने बाहेर पडते. उपकर किती देणे आहे हे मालकाने स्वतःच ठरवायचे. आणि निरीक्षकाच्या नावापुढे 'सुविधाकार' अशी शेपटी जोडली आहे. कोणाची सुविधा, हे विचारायला नको.

इथपर्यंत सरकारबद्दल आणि मालकांबद्दल झाले. आता थोडे आपल्याबद्दल.

मंडळाकडून नोंदीत कामगाराला सुरक्षा संच मिळतो, भांड्यांचा संच मिळतो. वस्तीत त्याला 'पेटी' म्हणतात. पेटीसाठी नोंदणी, नोंदणीसाठी ९० दिवसांचा दाखला, आणि दाखल्यासाठी ठेकेदाराची सही. ठेकेदार सही देत नाही, कारण सही दिली की तो मालक ठरतो. या अडचणीतून एक धंदा उभा राहिला आहे. पैसे घेऊन दाखला आणून देणारे, कधीही घमेले न उचललेल्याची नोंदणी करून देणारे. आणि सांगायला लाज वाटते, त्यात निळा गमछा गळ्यात घालून फिरणारेही आम्ही पाहिले आहेत. १४ एप्रिलची वर्गणी आणि पेटीचे कमिशन एकाच खिशात. जमादार एशियाडला एक रुपया कापत होता. आपला माणूस किती कापतो?

खोट्या नोंदी झाल्या की सरकारला आयते कारण मिळते आणि खऱ्या नोंदी अडतात. परप्रांतातून आलेल्याचा तर विचारच नाही. तो आपला मतदार नाही म्हणून आपल्या शिबिरातही नाही. पण कोंढव्याच्या भिंतीखाली तोच होता. बोरघाटात लांबून आलेले होते तेही असेच कोणाचे नव्हते.

गेल्या पावसाळ्याआधी आम्ही काही मित्रांनी एका नाक्यावर तीन रविवार नोंदणीचे टेबल लावले. पेटीची गोष्ट काढायची नाही, असे आपसात ठरवले होते. आधी विचारायचे : पाणी कुठले पिता, संडास आहे का, रात्री कुठे झोपता, मुले कुठे असतात, शेवटचा अपघात कधी पाहिला. पहिल्या रविवारी माणसे वैतागून निघून गेली. दुसऱ्या रविवारी थोडी थांबली. तिसऱ्या रविवारी एका चाळीतल्या मावशी आल्या. बावीस वर्षे बांधकामावर. अर्जात कामाचा प्रकार लिहायचा होता. आमच्यातल्या मुलाने सवयीने 'बिगारी' लिहिले. मावशींना वाचता येत नव्हते, त्यांनी विचारले काय लिहिलेस बाळा. त्याने सांगितले. त्या म्हणाल्या, गेली आठ वर्षे मी प्लास्टर मारते, मिस्त्री जेवायला गेला की त्याची भिंत मीच पुरी करते, हजेरी तेवढी बिगारीची लागते. मग पेन खाली ठेवून आमचा मुलगा आमच्याकडे बघायला लागला. आम्ही तो अर्ज फाडला आणि नवा काढला. नव्या अर्जावर 'गवंडी' लिहिले. आता तसा दाखला देणारा ठेकेदार शोधतो आहोत. दोघांनी नाही म्हटले आहे, तिसऱ्याकडे येत्या रविवारी जायचे आहे.